आज माफ हाये

फोन आला तेव्हा मी अनसिंगच्या शेतात तुरीच्या भुशात, कुटारात, उभा होतो. थ्रेशर चालू होतं, धड ऐकू येत नव्हतं. पुण्याहून पोरगा बोलत होता. "बाबा, आई गेली," म्हणाला. मी म्हटलं, "कुठी गेली?" मला खरंच कळलं नाही. त्या शहरात ती रोज कुठं ना कुठं जायचीच... बागेत, देवळात, कुणाच्या हळदीकुंकवाला. मी आणखी विचारलं, "कोनासंग गेली?" तेव्हा तो रडला, अन् मग मला समजलं. माझी बायको शेवंता सकाळचा चहा पिता पिता गेली होती. मी तिथं नव्हतो. तूर काढायची म्हणून पंधरा दिवसांसाठी मीच हट्टानं गावी आलो होतो. त्याला आता दीड महिना झाला. माझं शिक्षण चौथीपर्यंत, लिहायची सवय नाही. पण हे दुसऱ्या कोणाच्या हातानं लिहून घ्यायचं नाही, असं ठरवलं.

दोन वर्षांपूर्वी पोरानं आम्हाला पुण्याला नेलं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. तो अन् सूनबाई सकाळी आठला कामावर निघून जायचे, ते दिवे लागल्यावर परत. गावी ओट्यावर बसलं की करमणूक आपल्या पायानं चालत येते. कोणाची म्हैस हरवते, कोणाचा जावई रुसतो, एखादा उगाच भांडायला येतो. तिथं दार लावलं की सारं बंद. शेवंता म्हणायची, "अवो, एवढं मोठं गाव हाये अन् आपन भिंतीकडं पाहून राह्यलो. काई तं पाहू." मी म्हणायचो, "मोठ्या गावात सावलीत बसाचे बी पैसे लागतात." खरी गोष्ट अशी की मजा करायसाठी पोरापुढं हात पसरायचा नाही, हे मी गाडीत बसतानाच मनाशी पक्कं केलं होतं. अन् फुकट काही घ्यायचं तर त्याचीही मला लाज.

तिला लाज नव्हती. तिला अक्षर येत नव्हतं, म्हणून ती विचारायची. भाजीवालीला, वॉचमनला, रस्त्यानं चाललेल्या कोणालाही. लोक तिच्या 'मले-तुले'वर हसायचे, तीही त्यांच्यासोबत हसायची. असं विचारून विचारून तिनं ते शहर महिनाभरात पायाखाली घातलं. कोणत्या बागेत सकाळी तिकीट नसते, कोणत्या देवळात बुधवारी भजन असते, सारं तिला पाठ. एकदा मला एका मोठ्या थंडगार दुकानांच्या इमारतीत घेऊन गेली. तिथं सरकता जिना. मी खालीच थांबलो. ती पदर खोचून चढली, वर गेली, दुसऱ्या बाजूनं उतरून आली, परत चढली. चौथ्यांदा माझ्यापुढं आली तेव्हा म्हणाली, "या न. काई मांगत नाईत." मी म्हटलं, "लोक पाहून राह्यले." ती म्हणाली, "पाहू द्या. त्याईले बी फुकटच पाहाले भेटून राह्यलं." मी काही चढलो नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक सभागृह होतं. दर शनिवारी संध्याकाळी तिथून पेटी-तबला ऐकू यायचा. कधी कीर्तन, कधी नुसतं गाणं. शेवंताला कीर्तनाचं वेड. दाराशी पाटी होती. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, "काय लिहिलं हाये?" मी चष्मा लावला अन् एकेक अक्षर जुळवलं. प्रवेश. नि. मग दोन टिंबं. मग शुल्क. शुल्क म्हणजे काय ते मला माहीत होतं, वाशीमच्या बाजार समितीत तो शब्द जागोजागी लिहिलेला असतो. अन् 'नि' म्हणजे आणि, हे तर दुसरीच्या पुस्तकातलं. प्रवेश आणि शुल्क. मी तिला सांगितलं, "शुल्क लागते. चाल."

"किती?"

"आकडा लिहिला नाई. मोठ्या जागी लिहत नाईत."

"मंग इचारू काय?"

"इचाराचं कायले? मले वाचता येते."

तिनं विचारलं नाही. पण तिथून हलली नाही. बाहेरच्या भिंतीला टेकून तिनं पूर्ण कीर्तन उभ्यानं ऐकलं. मग दर शनिवारी तेच. पावसाळा गेला, दिवाळी गेली. तिचे गुडघे दुखायचे. मध्येच एक पाय उचलून धरायची, मग दुसरा. मी दहा पावलांवर पाठ करून उभा राहायचो, जसा काही कोणाची वाट पाहतो आहे...

संक्रांतीच्या सुमाराला एका शनिवारी ती आपणच दाराशी गेली, तिथल्या माणसाशी काही बोलली अन् परत आली. म्हणाली, "आज माफ हाये. म्हाताऱ्या मानसाईले आज शुल्क नाई म्हनते." माफ म्हटल्यावर मला फुकट वाटलं नाही, मान वाटला. आम्ही आत गेलो, खुर्चीवर बसलो. त्यानंतर दर शनिवारी ती पुढं जायची, दाराशी दोन शब्द बोलायची अन् वळून मला हात करायची. "आज बी माफ हाये." वर्षभर असं चाललं. गावी आलो की मी पारावर सांगायचो, पुण्यात म्हाताऱ्यांची किंमत आहे, आपल्याकडं नाही. लोक माना डोलवायचे.

तेरावं पुण्यातच झालं. मंडळी पांगल्यावर खालच्या मजल्यावरच्या सुमनताई माझ्याजवळ येऊन बसल्या. शेवंताची अन् त्यांची गट्टी होती. शनिवारच्या कीर्तनाचा विषय निघाला. मी म्हटलं, "भले लोक होते, तिले कधी शुल्क मांगितलं नाई." सुमनताई जरा घोटाळल्या. मग हळूच म्हणाल्या, "आजोबा, तिथे शुल्क कधीच नव्हतं. सगळ्यांनाच फुकट असतं. निःशुल्क म्हणजे फुकटच. मी आजींना बाहेर उभं बघितलं, तेव्हा सांगितलं." मी विचारलं, मग तिनं मला काहून नाही सांगितलं? सुमनताई खाली पाहत म्हणाल्या, "मी सांगणार होते. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, त्याईले सांगू नोका, ते वाचून आले हायेत."

दर शनिवारी ती त्या दाराशी जाऊन काय बोलत असेल? काय गर्दी हाये, आज कोन हाये, असंच काहीतरी. अन् त्याआधी सात-आठ महिने ती भिंतीला टेकून उभी होती, आत खुर्च्या रिकाम्या असताना, माझ्या दोन टिंबांपायी. पन्नास वर्षं घरात आलेला प्रत्येक कागद मीच तिला वाचून दाखवला. आणखी किती ठिकाणी मी चुकीचं वाचलं असेल, अन् ती मान हलवत गेली असेल... ते आता कोणाला विचारू?

ती हसली असती तर बरं झालं असतं. पहिल्याच दिवशी तिनं तोंडावर म्हणायचं होतं, तुमाले येत नाई, मी इचारते. मी रागावलो असतो, दोन दिवस जेवलो नसतो. पण मग ते आठ महिने तिनं आत बसून ऐकलं असतं.

मी गावी परतलो. परवा वाशीमला कोर्टाचं काम होतं. परतताना स्टँडवर आलो. शेवंताची एक खोड होती. पाटी मी वाचलेली असली तरी एसटीत चढायच्या आधी ती कोणाला तरी विचारायचीच, अन् मला त्याचा संताप यायचा. गाडी लागली. अनसिंग ही अक्षरं मला दुरूनच दिसली. जवळ कॉलेजातली एक मुलगी उभी होती. मी तिच्यापाशी गेलो अन् म्हटलं, "बाई, ही गाडी कुठची हाये?"

"अनसिंगची, आबाजी. तुमाले वाचता नाई येत काय?"

उभ्या जन्मात हे मला कोणी विचारलं नव्हतं. विचारायची कोणाची छाती नव्हती.

"नाई येत, बाई."

"मंग इचारत जा न. त्यात काय हाये?"

हो म्हटलं, अन् गाडीत चढलो.