दारोदारचे ड्रम

हसायचंच असेल तर आधीच हसून घ्या. कारण आता सांगतोय ती फजिती मला स्वतःलाच अजून पचलेली नाही.

आमच्या पेपरात मी सगळ्यात जुना बातमीदार. संभाजीनगरच्या पाणीटंचाईवर मी जेवढी शाई ओतली, तेवढं पाणी नळाला आलं नसेल! तर एक दिवस आमच्या संपादक रेणुका मॅडम, वयानं माझ्या मुलीएवढ्या, एक अहवाल घेऊन आल्या. बांधकामात लागणारी रसायनं, म्हणजे गळती थांबवायचं वॉटरप्रूफिंग, टाइल चिकटवायचं केमिकल वगैरे. त्यांची आपल्या शहरात बाजारपेठ केवढी, याचा कुण्या सल्लागार कंपनीनं काढलेला अंदाज.

"छापून टाका," मॅडम म्हणाल्या.

मी उसळलोच! "एसीत बसून काढलेला आकडा छापू? आणि तोही एवढा चिल्लर? अहो, स्लॅब गळत नाही असं एक घर दाखवा मला या गावात! मी रस्त्यावर उतरून मोजतो."

"आणि चुकलात तर?"

"तर वर्षभर राशिभविष्य लिहीन!"

हे अख्ख्या ऑफिसनं ऐकलं. चपराशासकट.

दुसऱ्याच दिवशी फोटोग्राफर अझहरच्या गाडीवर मागं बसून निघालो. पद्धत माझी स्वतःची: दारात, जिन्याखाली, गच्चीवर वॉटरप्रूफिंगचं स्टिकर असलेला ड्रम दिसला की डायरीत एक रेघ. आणि काय सांगू! मुकुंदवाडी घ्या, हडको घ्या, जिकडं बघावं तिकडं ड्रम! एकेका दारात तीन-तीन!

"सर, इत्ता केमिकल लगाके भी लोगां के छतां टपकतेच हैं?" अझहरनं विचारलं.

"तू गाडी चालव!"

पोराचा प्रश्न बिनतोड होता. पण ऐकून घेईल तो मी कसला?

रेघांना गल्ल्यांनी गुणलं, गल्ल्यांना वॉर्डांनी. आकडा मोबाइलच्या पडद्यात मावेना! मॅडमच्या टेबलावर डायरी आपटली. त्या दोनदा म्हणाल्या, "नक्की ना?" शनिवारच्या अंकात पहिल्या पानावर पट्टी लागली: 'सल्लागारांचा अंदाज साफ खोटा! उद्या वाचा.' खाली माझं नाव. ठळक.

शनिवारी दुपारी फक्त फोटो राहिला होता. हडकोत एका दारापुढं चार ड्रम रांगेत उभे, स्टिकरसकट. अझहरनं कॅमेरा लावला तशी आतून एक मावशी आली.

"ओ दादा, फोटो कामून काढायले?"

"मावशी, एवढं केमिकल? स्लॅब लई गळतो का?"

"कसलं केमिकल?" तिनं झाकण काढलं.

आत काठोकाठ पाणी. वर एक मग तरंगत होता.

"बिल्डिंगच्या कामावरचे रिकामे ड्रम हायेत. भंगारवाला आणून इकतो. घासून घेतले अन् नळाचं पाणी भरलं. आठ-आठ दिवस नळ येत नाय, मग साठवावं कशात माणसानं?"

म्हणजे इतके दिवस मी बाजारपेठ मोजतच नव्हतो. पाणीटंचाई मोजत होतो!

"पेपरवाले व्हय तुम्ही?" मावशी थांबायला तयार नव्हती. "मग तुमच्यात तो पाण्यावर लिहिणारा म्हातारा हाय ना, त्याला म्हणावं, एकदा येऊन बघ!"

अझहरला एकाएकी जोराचा खोकला आला.

तणतणत घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं, "आपल्या गच्चीवरचे दोन धरले होते का त्यात?"

"आपल्या?"

"मग रोज सकाळी अंघोळ कशातल्या पाण्यानं करता?"

रविवारी बातमी आली, पहिल्या पानावर, दणदणीत. पण पाण्याची! फोटो अझहरचा, आणि बातमीवर नावही अझहरचंच. अहवालातला आकडा आत छापला, जसाच्या तसा.

आणि सोमवारी माझं पहिलं राशिभविष्य. माझी रास सिंह. मॅडमनी एक अक्षरही न बदलता छापलं: 'आकडेमोड टाळा. गृहिणीचा सल्ला लाभदायक. कुठल्याही निष्कर्षाला येण्याआधी झाकण उघडून बघा.'