नातीनं देवाला केळं विकायला काढलं

मंडळी, आज सकाळचीच गोष्ट. हसू आलं आणि खरं सांगायचं तर जळफळाटही झाला.

माझी नात ओवी दोन वर्षांची आहे, अजून नीट बोलत नव्हती. गावच्या शाळेत गुरुजी आमच्याकडून पाढे घोकून घ्यायचे, तसा मी तिच्याकडून रोज 'आबा' घोकून घेतो. ती नुसती बघत राहते.

बोरिवलीच्या आमच्या मजल्यावर गोराईहून कोळीण मावशी येते. मी माळकरी, त्यामुळे आमच्याकडं मासे येत नाहीत, शेजारी घेतात. पण मावशीची हाक आली की ओवी दारात. मावशीची बोनी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, होऊन टोपली झाकेपर्यंत हलत नाही.

आज पूजेला मी देवापुढं केळं ठेवलं. ओवीनं ते उचलून देवाच्या तोंडाशी धरलं आणि हात नाचवत म्हणाली, "घे ना रं देवा! ताजा हाय. बोनी कर!"

सूनबाई हसून म्हणाली, "बाबा, ही तर मावशीची चेली झाली!"

मीही हसलो, पण आत कुठंतरी टोचलं. समोर रोज मी बसतो आणि शब्द मात्र मावशीचे!

देव काही केळं घेईना. मग ओवी माझ्याकडं वळली. "तू घे ना रं!"

मी हात पुढं करून घेतलं. तिनं टाळ्या पिटल्या. "बोनी झाली!"

तुमच्या घरातले पहिले शब्द कुणी पळवले? मी तर ठरवलंय, उद्या मावशीलाच सांगणार: बाई, दारात आलीस की आधी जोरात 'आबा' अशी हाक मार.