कुरोबा आणि मोरे वहिनी

वाल्मीकराव आहेरांना त्यांचं आडनाव विनोदासाठी जन्मभर पुरलं. घरात लग्नपत्रिका आली आणि तिच्या तळाशी ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलेलं दिसलं, की ते म्हणायचे, “बघा, आपल्याला नको म्हणताहेत.” आणि मग इस्त्रीचा शर्ट चढवून सगळ्यांच्या आधी मांडवात हजर व्हायचे. जिलबी दोनदा मागून घ्यायचे. त्यांच्या बायकोने, लताबाईंनी, हा विनोद इतक्यांदा ऐकला होता की पत्रिका आली की त्या आधीच म्हणत, “हो, नको म्हणताहेत. चहा घ्या.”

वाल्मीकराव मूळचे देवळ्याचे, राहायला नाशकात म्हसरूळला, नोकरी एसटीत कंडक्टरची, गाडी नाशिक-कळवण. मिशी भरघोस. आवाज असा की मागच्या सीटवर डुलकी लागलेला माणूस तिकीट आधी काढायचा आणि डोळे नंतर उघडायचा. अशा माणसाला जपानी प्रेमकथांचं वेड लागेल असं कोणी सांगितलं असतं, तर अख्ख्या डेपोने त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं. पण लागलं, आणि चांगलंच लागलं.

त्याला कारण त्यांचा मोडलेला पाय. नळावरच्या शेवाळावरून घसरले, प्लास्टर चढलं आणि स्वारी पलंगावर आडवी झाली. समोर टीव्ही, आणि रिमोट एकुलत्या एका लेकीच्या, तेजलच्या हातात. तेजल सातपूरला एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला. संध्याकाळी घरी आली की पाय पोटाशी घेऊन बसायची आणि जपानी ॲनिमे लावायची.

“एवढी मोठी घोडी झालीस, कार्टून काय बघतेस?”

“पप्पा, कार्टून नाही हो. ॲनिमे आहे.”

“डोळे एवढाले काढले म्हणून नाव बदलतं का?”

दोन-तीन दिवस त्यांनी भिंतीकडे तोंड करून निषेध नोंदवला. मग एका संध्याकाळी तेजल चपला काढते न काढते तोच आतून आवाज आला, “काल त्या काळ्या कोटवाल्याने छत्री दारात ठेवली, ती तिला मिळाली का?”

झालं. माणूस हातातून गेला.

त्या मालिकेत दोन घराणी होती, पिढ्यान्‌पिढ्यांची वैरी. एका घराण्यातली मुलगी नूडल्सचं दुकान चालवायची, तिचं नाव मोरिवाकी सुझुने. तिच्यावर मरणारा हारुतो नावाचा गोरागोमटा नायक होता. त्याला पहिल्या भागापासून सगळे डोक्यावर घेऊन नाचत होते. आणि एक होता कुरोबे, दुसऱ्या घराण्याचा सरदार. हा रोज यायचा, कोपऱ्यातल्या टेबलावर बसून मुकाट सूप प्यायचा आणि निघून जायचा. वाल्मीकरावांचा जीव जडला तो या मुक्या सरदारावर. जपानी नावं त्यांच्या जिभेवर फार दिवस जपानी राहिली नाहीत. कुरोबेचा कुरोबा झाला आणि मोरिवाकीच्या मोरे वहिनी.

ज्या दोघांचं जमावं असं आपल्याला वाटतं, त्या जोडीला ॲनिमेच्या वेड्या मंडळींत ‘शिप’ म्हणतात. वाल्मीकराव सरळ ‘स्थळ’ म्हणायचे. “माझं स्थळ पक्कं हाय. कुरोबा आणि मोरे वहिनी. हारुतोला कोण विचारतंय?”

एकदा पोळ्या चालल्या होत्या, तेव्हा ते फोनवर कोणाला तरी सांगत होते, “मोरे वहिनी लय गुणाची बाई. रोज संध्याकाळी दारात उभी राहते हो, त्याच्यासाठी. माझा जीव तुटतो.” इकडे लताबाईंची पोळी करपली. “कुठली मोरे?” त्या लाटणं घेऊनच बाहेर आल्या. “पोस्टातल्या मोऱ्यांची का?” वाल्मीकरावांनी घाईघाईने टीव्ही लावून मोरे वहिनी दाखवल्या. लताबाईंनी त्या काडीच्या अंगाच्या, बशीएवढ्या डोळ्यांच्या पोरीकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, “नूडल्स विकते, पण स्वतः खात नाही वाटतं.” तेव्हापासून त्याही भाजी निवडताना कानोसा घेऊ लागल्या.

खरी गंमत तेजलने सांगितली ती आडनावाची. “पप्पा, त्यांच्यात परक्या माणसाला आडनावाने हाक मारतात. नावाने हाक मारायची म्हणजे फार जवळचं नातं लागतं. कुरोबे तिला अजून मोरिवाकीच म्हणतोय. ज्या दिवशी सुझुने म्हणेल ना, त्या दिवशी समजायचं.”

वाल्मीकराव पलंगावर उठून बसले. “म्हणजे आडनाव सुटलं की जमलं?”

“अगदी तस्संच.”

पुढे प्लास्टर निघालं, पाय चालू लागला, पण कुरोबा काही नाव घेईना. एका रविवारी मात्र, बर्फ पडत असताना, सूप तसंच टाकून तो उठला, दारापर्यंत गेला, वळला आणि म्हणाला, “सुझुने.” वाल्मीकरावांच्या हातातली शेंगदाण्याची वाटी उडाली. ते धावत गॅलरीत गेले आणि कळवणपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, “जमलं!”

समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बयाबाईंनी विचारलं, “कोणाचं हो?”

“मोरे वहिनींचं!”

“बरं झालं बाई. लय दिवस राहिली होती का?”

“लय!” असं म्हणताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मग तेजलने त्यांच्या फोनवर एक जपानी प्रेमाचा खेळही घालून दिला. खेळात आपण मुलगी व्हायचं. चार देखणी पोरं आपल्याशी बोलायला येतात. प्रत्येक वेळी तीन उत्तरांतलं एक निवडायचं. बरोबर आलं तर गुलाबी बदाम वर जातात, चुकलं तर त्याचा चेहरा पडतो, झाडाचं एक पान गळतं आणि खेळ खलास. कळवणला गाडी थांबली की वाल्मीकराव डबा खाताखाता हा खेळ खेळत. ड्रायव्हर सुनील विचारायचा, “काका, तुम्ही पोरगी होऊन खेळता?” तर ते म्हणायचे, “मी पोरीचा बाप म्हणून खेळतो. पोरं तपासून घेतो.” आणि खरंच, ज्याने हॉटेलात वेटरला ‘ए’ म्हणून हाक मारली त्या पोराला त्यांनी कायमचा काढून टाकला होता. बाकी उत्तर चुकलं तरी मागे जाऊन पुन्हा निवडता येतं, हे त्यांना फार आवडायचं.

नाशकातली ही सगळी वेडी मंडळी महिन्यातून एकदा कॉलेज रोडच्या एका कॅफेत जमायची. तेजल पप्पांनाही घेऊन जायची. सगळी पोरंटोरं, आणि मधोमध हे मिशीवाले आहेरकाका. तिथे त्यांचा एकच वैरी होता, संघर्ष. पोरगा हुशार, शाळेत चित्रकला शिकवायचा, पण पक्का हारुतोच्या बाजूचा. तेजल आणि तो समोरासमोर बसले की अशी जुंपायची की कोल्ड कॉफी कोमट होई. “आहेर-सान, तुमचा कुरोबे नुसता सूप पितो. प्रेम करायला तोंड उघडावं लागतं,” तो तिला म्हणायचा. बाकी सगळी मंडळी तेजलला तेजल म्हणत. हा एकटा जपानी थाटात आहेर-सान, म्हणजे आपलं ‘आहेर मॅडम’.

मागच्या महिन्यातल्या बैठकीत असाच वाद रंगला होता. तेजलने तावातावाने हात उडवला आणि ग्लास कलंडला. संघर्ष पटकन पुढे झाला आणि म्हणाला, “तेजल, ड्रेस सांभाळ.”

बाकी कोणाचंच लक्ष नव्हतं. तेजलचे कान लाल झाले. संघर्ष टिशू पेपर शोधतोय असं दाखवत टेबलाखाली गेला आणि बराच वेळ वर आला नाही. वाल्मीकराव मात्र हातात सँडविच धरून जागच्या जागी थिजले. पडद्यावर ज्याची एवढी वाट बघितली, ते त्यांच्यासमोर, कॉलेज रोडवर, काकडीच्या सँडविचच्या साक्षीने घडलं होतं. आडनाव सुटलं होतं! त्यांना तिथेच टेबलावर चढून ओरडावंसं वाटलं.

पण घरी परतताना स्कूटर पेठ फाट्याला आली आणि ओरडणं आतल्या आत विरलं. संघर्षचं आडनाव पगारे. तो बौद्ध, आपण मराठा. देवळ्याला थोरले भाऊ चिमाजी, त्यांची माडी, भाऊबंद, त्यांचे ते प्रश्न. हे जमायला नको, असं क्षणभर वाल्मीकरावांच्या मनात आलं. आणि असं मनात आलं याची त्यांना लाज वाटली. वैरी घराण्यांतल्या दोघांचं जमावं म्हणून वाटीभर शेंगदाणे उधळणारा माणूस आपल्या पोरीच्या वेळी गप्प बसतो की काय?

आणि त्याहून जास्त एक गोष्ट लागली. दातात तीळ अडकला तरी सांगणारी तेजल हे सांगत नव्हती. मागे बसून, पप्पांचा खांदा धरून, नुसती नव्या मालिकेबद्दल बडबडत होती. म्हणजे पोरगी आपल्याला घाबरते. हा विचार काही केल्या जाईना. पुढचे दिवस त्यांनी मनाशी एकच घोकलं. ती सांगेल तेव्हा आपल्या तोंडून चुकीचं उत्तर जायला नको.

महिन्याभराने एका रविवारी लताबाईंनी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. तेजल म्हणाली, “पप्पा, जरा गच्चीवर येता? एक जण येणारे.”

वाल्मीकराव ताडकन उठले. गच्ची! मालिकांमध्ये मनातलं सांगायचं असलं की पोरं शाळेच्या गच्चीवरच जातात. त्यांनी मिशी विंचरली, इस्त्रीचा शर्ट घातला. लताबाई म्हणाल्या, “कुरडया राखायला एवढं नटायचं?”

संघर्ष आला. धोतरावर पसरलेल्या कुरडयांच्या पलीकडे हात मागे बांधून उभा राहिला. तेजल मधोमध, ओढणीचं टोक पिळत. वाल्मीकरावांनी उत्तरं पाठ केली होती. ‘ये बस’ म्हणायचं. ‘आई-बाबा बरे आहेत ना’ म्हणायचं. तोंड उघडलं आणि जन्मभर देवळ्यात, एसटीत, लग्नमांडवात जे विचारलं तेच बाहेर पडलं.

“आडनाव काय म्हणालास?”

तेजलच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. वाल्मीकरावांना माहीत होतं आडनाव, त्या दोघांनाही माहीत होतं की त्यांना माहीत आहे. आणि हा प्रश्न कशासाठी विचारतात हे तर महाराष्ट्रात सगळ्यांनाच माहीत आहे. खेळ असता तर पान गळालं असतं. इथे मागे जायचं बटण नव्हतं.

संघर्ष ताठ झाला. “पगारे,” तो शांतपणे म्हणाला. “संघर्ष पगारे.”

“तसं नाही रे!” वाल्मीकराव कुरडया तुडवतच पुढे आले. “जीभ मेली सवयीची! मला तिचं आडनाव विचारायचं होतं. म्हणजे, तू हिचं आडनाव कधी सोडलंस ते. आहेर-सान, आहेर-सान करायचास, आणि त्या दिवशी तेजल म्हणालास. ग्लास सांडला तेव्हा. मी ऐकलं ना! आडनाव सुटलं की जमलं. महिना झाला, मी वाट बघतोय बाबांनो, तुम्ही कधी तोंड उघडताय!”

“पप्पा, तुम्हाला माहीत होतं?” तेजल रडायला लागली आणि हसायलाही.

“मग एवढी स्थळं मी उगीच बघितली का? पण मला का नाय सांगितलंस, बाळा? मला भ्यालीस?”

तेजलने होकारार्थी मान हलवली. वाल्मीकरावांनी तिचं डोकं छातीशी घेतलं. मग एकदम तिला बाजूला करून संघर्षकडे बोट रोखलं.

“एक गोष्ट मात्र मला मान्य नाय. हारुतोवाला जावई! आहेरांच्या घरात! देवळ्याला काय तोंड दाखवू?”

संघर्ष आधी चरकला, मग हसत सुटला. इतका हसला की त्याला कठड्याला धरावं लागलं.

“कुरोबे बरा आहे, काका,” तो डोळे पुसत म्हणाला. “सूप पिताना बरा दिसतो.”

“बदाम वर गेले!” वाल्मीकराव ओरडले. लताबाई गलका ऐकून जिना चढून आल्या. आधी त्यांनी तुडवलेल्या कुरडया बघितल्या, मग रडणारी तेजल, मग हसणारा पोरगा. “काय, जमलं का मोरे वहिनींचं?” त्या म्हणाल्या. त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की त्यांनाही सगळं आधीच ठाऊक होतं हे वाल्मीकरावांना तेव्हा कळलं.

सगळे तिथेच सावलीत बसले. मोडलेल्या कुरडया लताबाईंनी तळून आणल्या. संघर्ष जरा चाचरत म्हणाला, “तुमचे गावाकडचे?”

“भाऊ रुसणार,” वाल्मीकराव म्हणाले. त्यांचा आवाज जरा उतरला. “त्याला मी समजवीन. नाय समजला तर रुसू दे. समोर उभा राहून सांगीन.”

“आम्हाला साधंच करायचंय,” संघर्ष म्हणाला. “विहारात. कोणाला त्रास नको. आई म्हणते, पत्रिकेत छापून टाकू, कृपया आहेर आणू नये.”

तेजलने घाबरून पप्पांकडे बघितलं. लताबाईंनी कानांवर हात ठेवले. पण वाल्मीकरावांनी तो विनोद केला नाही. हातातली कुरडई त्यांनी ताटलीत ठेवली.

“संघर्ष,” ते म्हणाले, “ती ओळ छापायची नाय. आहेर येणार. सगळ्यांच्या आधी येणार.”