बोर : नाही

माझ्या टेबलासमोर आला की म्हातारा आधी काठी खांद्याला लावायचा आणि माझ्या पेनावर नेम धरायचा. "बाबू, याचा परवाना कोणं देला तुले?"

तहसीलबाहेर अर्ज लिहून देणारे बाबू तुम्हीही पाहिले असतील. त्यातला मी एक. म्हाताऱ्याचं धानाचं शेत नवेगाव बांधच्या बाजूला, आणि शेवटच्या बांधीला, म्हणजे खाचराला, लागून राखीव जंगल. पिकाच्या राखणीसाठी त्याच्याकडे एकनळी बंदूक होती. तिनं आजवर एकही डुक्कर मेलं नव्हतं. आवाजानं पळायचं, तेवढंच.

परवान्याची मुदत संपत आली तेव्हा साहेबांनी त्याला नियम ऐकवला. बार काढायचा तो आपल्याच शेतात. धुऱ्यापलीकडे गोळी गेली की ती शिकार, म्हणजे गुन्हा.

"म्हंजे डुकरालेच सांगा लागन," म्हातारा म्हणाला, "मराचं असन तं इकडे येऊन मर."

साहेब हसले नाहीत. हसण्याचा अधिकार बहुधा जिल्ह्याला असावा.

मग माझी करामत. अर्जात 'शेताचे क्षेत्र' याच्या खालीच रकाना होता, 'बोर'. बंदुकीच्या नळीचा बोर, बारा नंबरचा. आमच्याकडे बोर म्हणजे शेतात पाण्यासाठी मारतात तो. विचारलं असतं तर कळलं असतं, पण मी पडलो शिकलेला. सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'नाही. शेत तलावाच्या पाण्यावर.'

अर्ज परत आला. बंदूक कोणती, तेच कळत नाही, असा शेरा. तोवर मुदत संपली, बंदूक ठाण्यात जमा झाली, आणि धान लोंबीवर आलेलं.

"या बाबूनं माया बंदुकीत पानी शोधलं," तो चहाटपरीवर सगळ्यांना सांगायचा, "तेही भेटलं नाही!"

त्या हंगामात तो शेतातल्या माळ्यावर बसून डबा बडवत राहिला. डुकरांनी दोन दिवस ऐकून घेतलं, मग अर्धं धान लोळवलं. मी तोंड पाडून बघायला गेलो. त्यानं हद्दीच्या खांबाजवळचे खूर दाखवले. "पाह्य, इथं थांबून नियम वाचला, मंग आत आले."

"बाबाजी, पुढचा अर्ज दुसऱ्याकडून लिहून घ्या."

"काऊन? तो नवी चूक करन. तुयी चूक मले मालूम आहे."

दुसरा अर्ज मी त्याला तीनदा वाचून दाखवला.

मंजुरी आली तेव्हा त्याला जाऊन महिना झाला होता. तरी कागद घेऊन मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या म्हातारीनं तो उलटासुलटा करून पाहिला.

"बोर लिवला का बरोबर?"

"लिहिला, बाई."

तिनं कागद घडी करून देवळीत ठेवला. त्याची काठी कोपऱ्यात टेकून उभी होती. टोक माझ्या खिशातल्या पेनाकडे. मी पेन काढून हातात धरलं आणि बाहेर पडलो.