बाबुरावांचा अर्थिंगचा खड्डा

बाबुराव गायकवाड वीज कंपनीतून वायरमन म्हणून निवृत्त झाले त्याला चार वर्षं झाली, पण शर्टाच्या खिशातला टेस्टर काही निवृत्त झाला नाही. बाणेरच्या त्यांच्या सोसायटीत कुणाचा गीझर बंद पडो की कुणाचा पंखा कुरकुरो, फोन बाबुरावांनाच. कपभर चहावर काम. अट एकच: आधी अर्थिंग दाखवा, मग बाकीच्या गप्पा. एकतीस वर्षांत आपल्या हातच्या जोडणीचा कुणाला झटका बसला नाही, हे ते कुणी विचारलं नाही तरी सांगत.

सोसायटीचा सेक्रेटरी मच्छिंद्र. ही इमारत उभी आहे ती त्याच्या वडिलांच्या शेतात. तिथे विहीर होती तेव्हा विहिरीवरच्या मोटरला वीज जोडून दिली ती तरुण बाबुरावांनी. तेव्हापासूनची दोघांची अरे-तुरेची दोस्ती. बाबुरावांनी इथे घर घेतलं तेही मच्छिंद्रच्या शब्दावर, आणि रोज संध्याकाळी दोघं टेकडीवर फिरायला जात ते एकमेकांना हाका मारत. तर असा हा मित्र.

बाबुरावांची मुलगी पूर्वा हिंजवडीत नोकरीला. तिने इलेक्ट्रिक गाडी बुक केली ती बाबांच्या एका वाक्यावर. ‘तू गाडी घे, घरच्या चार्जरचं माझ्याकडे लागलं.’

मग बाबुराव कामाला लागले. त्यांनी सोसायटीचं मेन पॅनेल उघडून सगळा हिशोब मांडला. जुना ट्रान्सफॉर्मर, जेमतेम आठ किलोवॅट शिल्लक. पूर्वाला सात किलोवॅटचा मोठा चार्जर हवा होता.

“बाबा, तो फास्ट आहे. सगळे तोच घेतात.”

“सगळ्यांना घाई असते. तुझी रोजची पळापळ तीस किलोमीटर. छोट्या चार्जरवर दोन तासांत भरून निघते. गाडी रात्रभर उभीच असणार, तिला कुठे मीटिंग आहे?” मग म्हणाले, “आणि छोटा लावला तर आणखी एक बसतो. मोठा लावला की दुसऱ्याला जागाच उरत नाही. उद्या मच्छिंद्रच्या पोराने, विश्वजीतने, गाडी घेतली तर?”

सव्वातीन किलोवॅटचा चार्जर ठरला. बुधवार पेठेत चार दुकानं पालथी घालून बाबुरावांनी जाड तांब्याची केबल आणली. आपल्या पार्किंगच्या कडेला, फरशी संपते तिथे, स्वतःच्या हाताने कमरेइतका खड्डा खणला, प्लेट पुरली, मीठ-कोळसा भरला. माती ओली राहिली तर अर्थिंग चांगलं राहतं, म्हणून रोज संध्याकाळी त्यात बादलीभर पाणी. पूर्वा हसायची. म्हणायची, बाबांनी चार्जर लावला की पेरला?

अर्ज दिला मच्छिंद्रच्या हातात. सोबत स्वतः काढलेला नकाशा आणि खाली स्वच्छ अक्षरात टीप: ‘शिल्लक भार आठ किलोवॅट. दोन छोटे चार्जर बसतील, मोठा एकच.’ असली टीप स्वतःच्या अर्जावर कोण लिहितं? बाबुराव लिहितात. पॅनेलवर जे आहे ते कागदावर यायला हवं, एवढंच त्यांना ठाऊक.

“एकदम ओके हाय,” मच्छिंद्र म्हणाला. “येत्या मीटिंगला मंजूर करून टाकू.”

येती मीटिंग गेली. पुढचीही गेली. दसऱ्याला, म्हणजे यांच्या घरच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, गाडी आली. पेढे वाटले, पहिला मच्छिंद्रला. चार्जर मात्र खोक्यातच. पूर्वा ऑफिस सुटल्यावर मॉलच्या चार्जिंगला रांग लावायची आणि दमून घरी यायची. एकदा तोंडावर म्हणाली, “बाबा, तुम्ही शब्द दिला होता. तुमचे मित्र मुद्दाम करतायत.”

बाबुराव पहिल्यांदा तिच्यावर खेकसले. “मच्छिंद्रला मी तुझ्या जन्माआधीपासून ओळखतो.”

पुढच्याच रविवारी सकाळी ते दूध घेऊन येत होते. शेजारच्या पार्किंगमध्ये, विश्वजीतच्या नव्याकोऱ्या गाडीमागे, एक फिटर भिंतीवर चार्जर बसवत होता. मोठा. सात किलोवॅटचा.

“काका, तुम्ही इथलेच ना?” फिटरने कागद पुढे केला. “यात अर्थिंगचा खड्डा दाखवलाय. आहे कुठे तो?”

कागद झेरॉक्स होता. नकाशा बाबुरावांचा, अक्षर बाबुरावांचं. वरचं नाव तेवढं कागदाची पट्टी ठेवून झाकलेलं, आणि खालची टीप गायब. बाबुरावांच्या हातातली पिशवी खाली टेकली. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते त्यांना तेव्हा कळलं.

मच्छिंद्र जिन्यातून उतरतच होता.

“माझा अर्ज कुठाय?”

“फाइलीत हाय की.” त्याने नजर चुकवली. “विश्वजीतनं लई घाई केली रे. कमिटीनं गुरुवारी मंजूर केलं. ट्रान्सफॉर्मर बदलला की लगेच तुझा नंबर.”

“टीप वाचली होतीस ना?”

“वाचली म्हणूनच तर...” आणि तो थांबला. मग खांद्यावर हात टाकत म्हणाला, “तू वायरमन मानूस बाबू, तुला काय, कुठनंबी वायर ओढशील.”

एकतीस वर्षांत चोरीच्या विजेचा एक आकडा न टाकलेल्या माणसाला हे ऐकवलं. बाबुरावांनी तो हात खांद्यावरून उतरवला. राग होताच, पण त्याहून जास्त स्वतःची लाज वाटत होती. जागा किती आहे, हे चोराला आपणच लिहून दिलं होतं.

“काका, खड्डा नसेल तर राहू दे,” फिटर मागून म्हणाला. “अर्थिंगशिवाय चालू करून देतो. चालतं.”

गप्प बसायचं, एवढंच काम होतं. बाबुरावांनी पिशवी उचलली, घराकडे दोन पावलं टाकलीही. मग खिशातून टेस्टर काढून त्यांनी फरशीच्या कडेकडे बोट केलं. “हा बघ. यातून घे. आणि अर्थिंगची पट्टी नीट आवळ, मी तपासल्याशिवाय चालू करायचं नाही.”

संध्याकाळी पूर्वाने त्यांना बादली घेऊन उतरताना पाहिलं आणि तिचा संताप अनावर झाला. “त्यांच्या चार्जरला पाणी घालताय तुम्ही?”

“त्या गाडीला हात लावणाऱ्यासाठी घालतोय,” बाबुराव म्हणाले. “तू म्हणत होतीस ते खरं होतं, पोरी. उगाच ओरडलो तुझ्यावर.”

ते खड्ड्यावर वाकले होते तेवढ्यात फाटकाशी हाक आली. “बाबू, चल की टेकडीवर!”

बाबुरावांनी पाणी पूर्ण मुरू दिलं, मग वळले.

“आपण व्हा पुढे, सेक्रेटरीसाहेब.”

मच्छिंद्र ओशाळं हसला आणि एकटाच निघाला. भिंतीवरच्या चार्जरचा हिरवा दिवा लागला होता. बाबुरावांनी सवयीने विश्वजीतच्या गाडीच्या दाराला टेस्टर लावून पाहिला. टेस्टर पेटला नाही; झटका नव्हता. बादली उचलून ते वर गेले.