बिरदेव चहा घेत नाही

बिरदेव हैदराबादहून परत आला तेव्हा गावात पहिली बातमी ही झाली, की तो चहा घेत नाही.

तो ख्रिस्ती झालाय ही बातमी त्यानंतरची. तिचं लोकांना तेवढं वाटलं नाही. प्रार्थनेला जाणारी चार घरं आमच्याकडं आहेतच. पण चहा न घेणारा माणूस कुणी पाहिलेला नव्हता. सोयरिकीच्या बैठकीत चहा नाही. मयतीच्या घरी चहा नाही. त्याचा चुलता रामहरी पारावर म्हणाला, "धर्म बदलला ते ठीक हाय. पर चहानं ह्याचं काय वाकडं केलंय?"

मी आणि बिरदेव एका वर्गात होतो. धनगराचं घर, बाप मेंढ्या राखायचा. दहावीनंतर तो ट्रॅक्टरवर बसला आणि कारखान्याला ऊस ओढू लागला. मी मराठी घेऊन एम. ए. झालो आणि जवळच्या मुरुम गावात शिकवण्या घेऊ लागलो. तो मला मास्तर म्हणतो. सात वर्षांपूर्वी ऐन हंगामात त्यानं ट्रॅक्टर सोडला आणि हैदराबादला गेला. का, ते कुणाला सांगितलं नाही. मलाही नाही. तिथं तो शाळेची गाडी चालवायचा.

तिथंच त्याला ती दोन पोरं भेटली. पांढरा शर्ट, टाय, खिशावर नावाची काळी पट्टी. दोघांच्या पट्टीवर पहिलं नाव एकच, एल्डर.

"मी इचारलं, सख्खे भाऊ का?" त्यानं मला सांगितलं होतं. "तर एक विजयवाड्याचा, एक मिझोरामचा. एल्डर म्हणजे वडीलधारा. वय वर्षं एकवीस. आन मला म्हणत्यात ब्रदर. मी म्हणलं, आधी ठरवा बाबांनो, वडील कोण हाय."

ती पोरं मॉर्मन पंथाची होती. येशूला मानणारी, पण बायबलच्या जोडीला स्वतःचा आणखी एक ग्रंथ असलेली. त्यांच्यात दारू, तंबाखू, कॉफी वर्ज्य. चहाही. वर्षभरानं बिरदेवनं त्यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला. पांढरे कपडे घालून अख्खा पाण्याखाली गेला.

मागच्या वर्षी बापाचे पाय गेले म्हणून तो परतला आणि मेंढ्यांमागं लागला. त्याच्या पंथाची मंडळी आमच्या भागात कुठंच नाही. रविवारी तो मेंढ्या माळावर सोडतो, खडकावर बसतो आणि फोनवर हैदराबादची सभा बघतो. रेंज तिथंच येते. संध्याकाळी मुरुमला पास्टर गोरोबांकडं जातो. गोरोबांचं पंक्चरचं दुकान आहे. मागं पत्र्याची खोली, तिथं प्रार्थना. ते बिरदेवच्या पंथाचे नाहीत. पण येशूचं नाव घेणारं दुसरं कोण आहे इथं, असं तो म्हणायचा.

एका रविवारी मीही होतो. गोरोबा मोटरसायकलची ट्यूब घासत होते. आतून चहा आला. तीन कप.

"घे की, बिरदेव," गोरोबा म्हणाले. "येशूनं चहाला बंदी घातलेली न्हाय."

"त्याच्या मुलखात चहा नव्हता, अण्णा."

"मग तर सवालच मिटला."

बिरदेवनं आपला कप माझ्याकडं सरकवला. दर वेळी तो कप मलाच मिळतो.

गोरोबांनी ट्यूबवर ठिगळ दाबून धरलं. "तुझे एल्डर लोक चांगले हायत. पर आमच्यातले लई जण त्यांना ख्रिस्तीत धरत न्हायत. एक कारण सांगतो. ते माणसाच्या गळ्यात कामाची यादी बांधत्यात. पाप धुणं माणसाच्या हातात असतं, तर त्याला क्रूसावर जायची गरज काय होती? सगळं त्यानं अंगावर घेतलं. तू इश्वास ठेव. हात पुढं कर. झालं."

"आन वागणं?"

"ते मागनं येतं. झाडाला पाणी लागलं की फळ येतं. फळ आलं म्हणून पाणी देत न्हाय कुणी."

"एल्डर पण म्हणत्यात, पाप त्यानंच घेतलं," बिरदेव म्हणाला. "पर आपल्या हातात जेवढं हाय तेवढं आपुन करायचं. कबूल व्हायचं. जिचं नुकसान झालं तिला भरून द्यायचं. परत तसं करायचं न्हाय. मग जे आपल्याच्यानं होत न्हाय, तेवढं तो पुरं करतो."

"म्हणजे हजेरीवरचा देव. काम केलं तर पगार."

"आन तुमचा? घरी बसून पगार."

गोरोबा हसले. "घरी बसून न्हाय. आधी पगार देतो. मग माणूस लाजंनंच कामाला जातो."

मीही हसलो. बिरदेव हसला नाही.

"अण्णा, पर ज्याचं नुकसान झालं, त्याला म्हाईतच नसलं तर?"

"देवाला म्हाईत असतं. आन कबूल झालेलं पाप देव परत आठवत बसत न्हाय. इसरतो."

"देवाचं कुठं नुकसान झालंय," बिरदेव म्हणाला.

गोरोबांचा हात ट्यूबवर थांबला.

परत येताना मी त्याच्या मोटरसायकलवर मागं बसलो होतो. माझं लक्ष शब्दांकडं जातं. दुसरं काही मला येत नाही. तो आधी 'जिचं' म्हणाला होता. जिचं नुकसान झालं तिला. मग सावरून 'ज्याचं' म्हणाला.

मी विचारलं, "ती कोण?"

त्यानं गाडी बाजूला घेतली. स्टँडवर लावली. आजूबाजूला बघितलं, एक लहान दगड उचलून रस्त्याच्या कडेला टाकला. हे तो नेहमी करतो. मला ती मेंढपाळाची सवय वाटायची.

मग त्यानं सांगितलं.

उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर चढावर थांबवला, की ट्रॉलीच्या चाकामागं दगड लावावा लागतो. नाहीतर ओझ्यानं सगळं मागं येतं. निघताना तो दगड काढायचा असतो. बहुतेक जण काढत नाहीत. बिरदेवचा स्वतःचा दगड होता. ट्रॅक्टर रंगवताना उरलेला निळा रंग त्यानं त्याला फासला होता, ओळखू यावा म्हणून.

त्या दिवशी तो चढावर थांबला, दगड लावला आणि वर टपरीवर चहा प्यायला. शेजारी एक माणूस बसला होता. त्याच्या मोटरसायकलला दुधाच्या रिकाम्या किटल्या होत्या. महालिंगप्पा नाव. दोघं बोलले. बिरदेवच्या चहाचे पैसे त्यानंच दिले. मागून दुसरा ट्रॅक्टर हॉर्न द्यायला लागला, म्हणून बिरदेव पळत खाली गेला आणि निघाला. दगड राहिला. एका गाडीचा रस्ता. दगड मधोमध. दिवस मावळला होता. महालिंगप्पा उतारानं खाली आला.

"दुसऱ्या दिवशी ऊस घेऊन परत तिथनं गेलो," बिरदेव म्हणाला. "दगड कडंला पडला होता. निळा. किटलीचं झाकण तिथंच होतं. थांबलो न्हाय मी."

वीस वर्षांची ओळख. मला वाटायचं, ह्याचं मला सगळं माहीत आहे.

"सगळे म्हणले पिऊन होता, पडून मेला. आधी प्यायचा म्हणं तो. पोलिसांच्या कागदावर पण तसंच आलं. मला सुटल्यासारखं वाटलं, मास्तर. हे दगडापेक्षा वंगाळ."

बाप्तिस्म्याच्या आधी हैदराबादला त्याला विचारलं होतं, सांगायचं राहिलंय असं काही आहे का. तो नाही म्हणाला होता.

"पाण्यात गेलो, वर आलो. कपडे भिजले. बाकी सगळं कोरडं."

त्या मंडळीत दर रविवारी भाकरीचा तुकडा आणि घोटभर पाणी थाळीतून फिरवतात. तो काही न घेता थाळी पुढं सरकवायचा. पाच वर्षं सरकवली.

"आणि चहा?" मी विचारलं.

"चहा मी त्याच दिवशी सोडलाय. एल्डर भेटले मागनं. त्यांनी सांगितलं, चहा चालत न्हाय. मला बरं वाटलं. कुणी इचारलं तर सांगायला झालं."

ती म्हणजे महालिंगप्पाची बायको; तिला जाऊन सांगायचं त्याच्या मनात होतं. मी म्हणालो, तिच्या घरचे मारतील. केस होईल.

"व्हईल," तो म्हणाला. "तू येतोस का?"

दोन दिवसांनी आम्ही महालिंगप्पाच्या घरी गेलो. मुरुमपासून आठ किलोमीटर. सकाळचे दहा वाजले असतील. दारात म्हैस, ओट्यावर एक म्हातारी बसलेली. ती महालिंगप्पाची आई, इरम्मा. त्याची बायको महानंदा दूध मोजून नुकतीच आत आली होती. पस्तिशीची असेल. आम्ही बसलो. पाणी आलं. कोण, कुठले, झालं. ती समजली म्हैस बघायला आलो. मग तिची मुलगी निकिता चहा घेऊन आली.

"मी घेत न्हाय, ताई," बिरदेव म्हणाला.

महानंदाचा चेहरा उतरला. म्हातारीला ऐकू कमी येतं, पण परत गेलेला कप दिसला. "आमच्या घरचं चालत न्हाय व्हय रं तुला?" ती म्हणाली.

"तसं न्हाय, अव्वा." त्यानं कप घेतला आणि समोर ठेवला. मग तो खाली बघून बोलायला लागला. टपरी. चहा. दगड. निळा रंग. काही गाळलं नाही. सुटल्यासारखं वाटलं, तेही सांगितलं.

महानंदा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मी तिच्या हाताकडं बघत होतो. ती ओरडेल, शेजारच्यांना बोलवेल, असं वाटत होतं.

तिनं विचारलं, "टपरीवर त्यांनी काय घेतलं?"

"चहा."

"अजून?"

"काय न्हाय. चहाच. मी इचारलं पण होतं, थंडी हाय, बाकीचं काय चालतं का. तर म्हणले, सोडली. लेकीच्या डोक्यावर हात ठिवून शपथ घेतलीया."

महानंदा खाली बसली. मग म्हणाली, "निकिता, हिकडं ये. तुम्ही परत सांगा."

निकिता पंधरा वर्षांची. तेव्हा आठ वर्षांची असेल. मला नंतर कळलं, गावातल्या बायका तिच्या तोंडावर म्हणायच्या, बापानं तुझ्या डोक्यावरची शपथ मोडली म्हणून मेला. घरातही तेच धरून चालले होते. त्याचा फोटो भिंतीवर नव्हता. ट्रंकेत होता.

बिरदेवनं परत सांगितलं. मुलगी ऐकत राहिली. तिनं आपल्याच डोक्यावर हात ठेवला होता. तिला ते कळलंही नसावं.

"काय म्हणतोय त्यो?" म्हातारी ओट्यावरनं म्हणाली.

"अव्वाला सांगा," महानंदा म्हणाली. "मोठ्यानं. तिला ऐकायला येत न्हाय."

तो ओट्यावर गेला. "अव्वा, दगड माझा होता."

"कसला?"

"दगड. महालिंगप्पा पडले ना, त्यो दगड माझा होता."

"मोठ्यानं बोल की."

तो मोठ्यानं बोलला. मग ओरडून बोलला. समोरच्या घरातला माणूस बाहेर आला. दोन बायका हंडे घेऊन थांबल्या. "ते प्याले नव्हते, अव्वा. चहा प्याले होते. दगड म्या ठिवला होता. म्या उचलला न्हाय." सगळ्या गल्लीनं ऐकलं. बाप्तिस्म्याच्या पाण्यात जाताना जे त्याला सांगता आलं नव्हतं, ते तो भर उन्हात ओरडून सांगत होता.

म्हातारी पुढं वाकली. "प्याला नव्हता?" तिनं विचारलं.

"न्हाय, अव्वा."

तिनं पदर तोंडाला लावला.

आम्ही परत आत आलो. बिरदेव म्हणाला, "ताई, केस करायची तर करा. मी हितंच हाय."

त्याच्या चहावर साय धरली होती. तो कप महानंदानं उचलला आणि ती आत गेली. भांड्याचा आवाज आला. ती गरम चहा घेऊन आली आणि त्याच्या समोर ठेवला.

"घ्या," ती म्हणाली.

बिरदेवनं माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. तो कप मला सरकवण्यातला नव्हता.

तो प्यायला. सात वर्षांनी.

निघताना तो म्हणाला, "ताई, माफी..."

"ते मला न्हाय म्हाईत," महानंदा म्हणाली. "एक करा. अव्वाला हल्ली ध्यानात ऱ्हात न्हाय. चार दिवसांनी परत म्हणंल, पिऊन मेला माझा ल्योक. आम्ही सांगितलं तर पटायचं न्हाय तिला. तुम्ही महिन्यातनं एकदा येऊन सांगत जा."

गोरोबांना त्यानं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बघ, चहा तुला मिळाला. तू कमावला न्हाईस." हैदराबादच्या एल्डरला फोन केला. तो म्हणाला, "ब्रदर, तुम्ही गेलात, म्हणून मिळाला." बिरदेवनं दोघांचं ऐकून घेतलं. मग एल्डरला म्हणाला, "चहा पिल्याचं पण कबूल करायचं हाय." लगेच पुढं म्हणाला, "आणि दर महिन्याला प्यावा लागंल." एल्डर म्हणाला, मी वरच्यांना विचारून सांगतो. अजून त्याचा फोन आलेला नाही.

इतरत्र तो अजूनही चहा घेत नाही. केस झाली नाही. महानंदानं माफ केलं असंही कधी म्हटलं नाही. फोटो मात्र भिंतीवर लागला.

परवा मी पुन्हा त्याच्याबरोबर गेलो. इरम्मा ओट्यावर होती. डोळ्यांवर हात धरून तिनं बघितलं. ओळखलं नाही.

"कोण रं तू?"

"बिरदेव, अव्वा."

"काय काम काढलंस?"

तो तिच्या पायाशी बसला. "अव्वा, दगड माझा होता," तो मोठ्यानं म्हणाला आणि पहिल्यापासून सांगायला लागला. तिनं सगळं ऐकलं, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं. पदर तोंडाला लावला. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि आत हाक मारली.

"निकिता, पोरगं लांबनं आलंय. चहा ठेव."