शंका विचारायची नसते

"तुम्हा गाववाल्यांना कशाला हवंय अर्थशास्त्र? साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळेल. विका आणि जीप घ्या."

अर्थशास्त्राचे सर फळा पुसता पुसता म्हणाले. माझ्याकडे न बघता. अख्खा वर्ग हसला. मी उभीच. खाली बसायचंही सुचेना.

गुन्हा काय, तर मी शंका विचारली. तास संपताना सर रोज वर्गाकडे पाठ करून विचारायचे, "एनी डाउट्स?" आम्ही एका सुरात म्हणायचं, "नो सर." मग हजेरी. ही आमच्या कॉलेजची आरती. त्या दिवशी सरांनी खंडाचा, म्हणजे जमिनीच्या भाड्याचा, सिद्धांत शिकवला. शिकवला म्हणजे गाइडमधला उतरवून दिला. जमीन ही निसर्गाची फुकट देणगी, असं त्यात होतं. आमची भातशेती सरकारनं या नव्या शहरासाठी घेतली. बदल्यात घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांएवढा प्लॉट देणार होते, त्यावरून सरांचा तो टोमणा. कॉलेजची इमारतसुद्धा आमच्याच गावच्या शेतांवर. म्हणून मी विचारलं होतं, "सर, जमीन फुकटची, तर आमची घेताना तिचा भाव कुनी ठरवला? आनि आता इथले फ्लॅट एवढे महाग कसे?"

खवचटपणा नव्हता त्यात. मला खरंच कळत नव्हतं.

आणि सगळ्यात मोठ्यानं हसले कोण? पुढच्या बाकांवरची, सेक्टरमधल्या फ्लॅटांतली मुलं. शिकायला संध्याकाळी वाशीच्या क्लासला जायची. कॉलेजात फक्त हजेरीला. बाकाखाली फुल्ली-गोळा. सर त्यांना काही बोलत नसत, ती सरांना काही विचारत नसत. छान जमलं होतं दोघांचं. एकाला शिकवायचं नव्हतं, दुसऱ्यांना शिकायचं नव्हतं, आणि पगार नि हजेरी दोन्ही चालू. थू.

त्यानंतर मीही तोंड शिवलं. सर खूश.

दिवाळीनंतर पालकसभा होती. माझे बाबा आले. मिठागरावर राबणारा माणूस. इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसले. सर माइकवर गेले. "आमची दारं विद्यार्थ्यांसाठी सदैव उघडी आहेत. पण मुलांना कशातच रस नाही. विशेषतः गावातली मुलं. वर्षभरात एक शंका विचारत नाहीत."

बाबांनी मान डोलावली. हात जोडून. त्यांना वाटलं, खोट आपल्या पोरीतच.

तिथं माझं डोकं फिरलं. उभी राहिले. "सर, मी विचारलेली. तुमी म्हनालात, प्लॉट विका, जीप घ्या. उत्तर अजून दिलं नाय."

पुढच्या बाकांवरच्या एकानंही 'हो, असंच झालं' म्हटलं नाही. आईबापांच्या शेजारी बसून नखं बघत होते. हे उद्याचे मॅनेजर.

सभा आटोपली आणि प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. मला आणि बाबांना. आवाज अगदी गोड. "सरांच्या पाया पड, विषय संपव. नाहीतर टर्म मिळणार नाही."

टर्म नाही म्हणजे परीक्षा नाही. परीक्षा नाही म्हणजे घरी. आणि घरी माझ्यासाठी स्थळ बघून ठेवलं होतं. बाबांनी थांबवलं होतं ते फक्त कॉलेजपायी.

सर तिथंच खुर्चीत बसले होते. पाय पुढे करून. तयारीतच.

"पर पाया, बाय," बाबा हळूच म्हणाले. "शिकाचा हाय ना तुला?"

शिकायचं होतं. फार शिकायचं होतं. मी सरांच्या तोंडाकडे बघितलं. तोवर या माणसाची भीती वाटायची. आता किळस आली. साध्या प्रश्नाला उत्तर नाही, आणि पाय मात्र पुढे.

"पाया नाय पडनार," मी म्हणाले. "टर्म अडवा."

त्यांनी अडवली. असल्या कामात कॉलेज फार तत्पर.

परतताना बस स्टॉपवर मी बाबांना सांगितलं. "स्थळवाल्यांना नाय सांगा. मी बाहेरून परीक्षेला बसनार. पास होनार. आनि पाया कुनाच्याच परनार नाय. तुमी सांगितलं तरी नाय."